आमच्या रानातला फिकट गोल

सकाळची वंदना आटपून मी ज्वारी राखायला गेले, तर आमच्या पिकात एक तरुण कागदाकडे बघत उभा.

"जरा सांगता का, मी नेमका कुठं उभा आहे?"

"आमच्या ज्वारीत," मी हळूच म्हटलं. "अन् दोन ताटं मोडलीत."

तो असा ओशाळला की मलाच हसू आलं.

त्याचं नाव भीमराज. खर्ड्याचा. आईवडील ऊसतोडीला जायचे आणि हा पुण्यात पुरातत्त्व शिकत होता. हातात विमानातून काढलेलं छायाचित्र होतं. ते मिळवायलाच आठ महिने गेले म्हणे. त्यात नेवाशाजवळचं आमचं रान तळहाताएवढं दिसत होतं आणि कोपऱ्यात एक फिकट गोल. जमिनीखाली जुनं बांधकाम असलं की वरची माती, पीक वेगळं दिसतं, असं त्यानं समजावलं. तो गोल जुना स्तूप असावा, असं त्याला वाटत होतं. सोमवारी त्याचे सर येणार होते. त्यांना पटलं तर पुढचं काम, नाहीतर इथला गाशा गुंडाळायचा.

स्तूप म्हटल्यावर माझे हात आपोआप जुळले. त्यानं ते पाहिलं... आणि नजर वळवली नाही.

मग तो रोज ओसरीवर येऊ लागला. एके दिवशी त्यानं आमच्या रानाचीच, किंचित वेगळ्या कोनांतून काढलेली दोन छायाचित्रं शेजारी ठेवून त्यावर दोन भिंगांचं यंत्र मांडलं.

"मला सगळं दोन-दोन दिसतंय," मी म्हटलं.

"डोळे सैल सोडा. घाई नको..."

आणि एकदम बाभळ उभी राहिली, विहीर खोल गेली. मी दचकून मागे सरले, तर डोकं त्याच्या हनुवटीवर.

"आभाळातून पडलात," तो हनुवटी चोळत म्हणाला.

पण मी लाजायचंही विसरले होते. बाभळीच्या पश्चिमेला, विहिरीजवळ... तो गोल मला ओळखीचा होता. रंभाजीआजोबांचं खळं. चाळीस वर्षं बैल फिरून दगडासारखी झालेली जमीन. तो इतका आनंदात होता, मी गप्प राहिले.

रविवारी माघी पौर्णिमा. पांढरं लुगडं नेसून मी अष्टशील घेतलं. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी जीभ अडली. तो आल्यावर सांगून टाकलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"चार दिवस. उद्या तुम्हाला कुणी हसलेलं... मला बघवलं नसतं."

त्यानं छायाचित्रं गोळा केली आणि चहा न घेताच निघून गेला. दिवसभर वाटत राहिलं, पुण्याची एसटी धरली असेल.

सोमवारी तो सरांना घेऊन आला. "सर, माझा गोल चुकला," त्यानं स्वतःच सांगितलं. "ते खळं आहे. ह्या जयांनी ओळखलं."

सरांनी घड्याळ पाहिलं. मोठ्यांपुढं मी कधी बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले... ओढ्यापर्यंत एक सरळ पट्टा आहे, तिथली ज्वारी दरसाल आधी वाळते, पाणी दिलं तरी.

भीमराजनं भिंगं लावली. बराच वेळ वाकून राहिला. "सर, बघा. रेषा आहे. बांध ओलांडून जाते... अन् पुढं काटकोनात वळते."

रेषा संपते तिथं, ओढ्याच्या काठाची माती खरवडली. हातभर लांबीच्या भाजक्या विटा, एकावर एक. कधीच्या, ते सर नंतर ठरवणार होते. भिंत मात्र होती. माझे वडील, दादा, पागोटं काढून उभे राहिले.

भीमराजनं तिथंच टिपण लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. शोध घेणारे: जया, भीमराज.

"माझं नाव आधी?"

"दिसलं तुम्हाला आधी." मग अगदी हळू — "ही दोन नावं अशीच शेजारी राहावीत, असं मला फार वाटतं. तुम्हाला...?"

मान खाली जाईल वाटलं होतं, गेली नाही. दादा दोन पावलांवर होते, तरी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले, "मलाही."

दादांनी पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. "मग पावनं," ते भीमराजला म्हणाले, "जेवल्याबिगर जायचं न्हाई आज."