दोर कुणी धरला होता?

“चौकशीच्या आधीच एका म्हाताऱ्या बाईला चोर ठरवून मोकळे झालात? तेही चारचौघांत? हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

दालनात शिरल्या शिरल्या इन्स्पेक्टर बाईंनी संग्रहालयाच्या संचालकांना फैलावर घेतलं.

उद्घाटनाचा नुकताच विचका झाला होता. एका गाजलेल्या कॉमिकच्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र, दिवंगत चित्रकाराच्या बायकोने दान दिलेलं. पडदा सरकला आणि तीच ओरडली, “हे माझ्या नवऱ्याचं नाही!” त्यावर संचालक म्हणाले, “मग खोटं चित्र तुम्हीच आमच्या गळ्यात मारलंत.”

आता ती कोपऱ्यातल्या खुर्चीत काठी घट्ट आवळून बसली होती. भीतीने नव्हे, संतापाने.

इन्स्पेक्टर बाई चित्रापुढे उभ्या राहिल्या. लहानपणी हा अंक त्यांच्या उशाशी असायचा. विहिरीच्या तळातून वर पाहावं तसं दृश्य. धिप्पाड नायक दोराला लोंबकळतोय, तळवे सोललेले, खाली काळंभोर पाणी. दोर वर जातो आणि शीर्षकाच्या पिवळ्या पट्टीखाली नाहीसा होतो. त्यावरून भावंडांची हमरीतुमरी व्हायची: दोर धरलाय कुणी?

इथे पट्टी नव्हती. ती छापताना वर चढवलेली. तिच्या जागी नुसते दगड रंगवलेले. दोर त्यांवरून थेट कागदाच्या कडेपर्यंत गेला होता.

“तुम्ही हे पहिल्यांदा कधी पाहिलंत?” त्यांनी संचालकांना विचारलं.

“आज, पडदा सरकला तेव्हा. बाईंचं सीलबंद पाकीट मी तसंच चौकट बसवायला या चौकटवाल्याला दिलं.”

“माझ्यावर ढकलू नका, साहेब!” दाराशी उभा असलेला चौकटवाला उसळला. “पाकीट फोडलेलं होतं. आत हेच चित्र होतं.”

“हा खोटं बोलतोय.”

इन्स्पेक्टर बाईंनी वाद तिथेच सोडला. “काही म्हणा, माणूस मोठा कलावंत होता.”

संचालक एकदम खुलले. “अहो, दुसऱ्या कुणी नुसती मारामारी काढली असती! याने एवढा दांडगा गडी टांगला तो कुणाच्या जिवावर? एवढ्याशा पोरीच्या! काय ते तिचं ओठ चावणं! बघणाऱ्याचे हात दुखतात.”

म्हातारीने मान झटक्यात वर केली.

इन्स्पेक्टर बाई तिच्याजवळ गेल्या. “आजी, दोर कुणी धरलाय?”

“माझ्या मुलीने. सात वर्षांची होती. त्याच साली गेली. छापणाऱ्यांनी तिच्यावर पट्टी टाकली. आता तरी लोकांनी तिला बघावं म्हणून चित्र दिलं. तिच्याबद्दल कुणाला बोलले नव्हते.”

इन्स्पेक्टर बाई वळल्या. “ऐकलंत? अंकात ती पट्टीखाली आहे. या भिंतीवर ती नाहीच. खरं बाहेर जाऊ नये म्हणून नक्कल करणाऱ्याच्या हातात तुम्ही छापील अंक ठेवलात. पट्टीखाली काय आहे ते त्याला कसं कळणार? त्याने दगड भरले. ती पोरगी फक्त खऱ्या चित्रात आहे, आणि तुम्ही तिचे चावलेले ओठसुद्धा पाहिलेत. म्हणजे पाकीट तुम्ही फोडलंत. खरं लांबवलंत, खोटं नीट न बघताच चौकटीला धाडलंत. आणि बोभाटा झाल्यावर आळ घेतलात तो या आईवर!”

“मी... कुणाकडून तरी ऐकलं होतं...”

“कुणाकडून?”



म्हातारी उठली. काठी आपटत संचालकांच्या पुढ्यात आली. अहोजाहो आता तिच्या तोंडात उरलं नव्हतं.

“माझी पोर कुठाय? बोल!”