खडखडणारा दुधाचा डबा

चार ताटं, बाजारभावानं प्रत्येकी अडीच दिनार, म्हणजे दहा दिनारांचं जेवण, आणि खर्च? दुधाच्या पावडरीचा एक डबा! तसलाच डबा संध्याकाळी सेलमध्ये पावणेदोन दिनारांना मिळणार होता. म्हणजे निव्वळ सव्वाआठ दिनारांचा फायदा! राजाभाऊ मनातल्या मनात हात चोळत होते.

चिपळूणचे राजाभाऊ हे स्वराचे मामा. नाताळात व्हिएन्ना बघणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. तिकिटाचा आकडा बघितल्यावर मात्र "जुनं शहर ते जुनं शहर!" म्हणत ते बहिणीकडे, कुवेतला उतरले. आज त्यांचा शेवटचा दिवस. बारा वर्षांची स्वरा, तिचा धाकटा भाऊ अक्षय आणि शेजारची, मूळ मिरजेची सफिया यांना घेऊन ते सकाळपासून शहर पालथं घालत होते, पण फक्त फुकटातलं! तटाचा जुना दरवाजा फुकट, अत्तराचा फवारा फुकट, जुन्या बाजारातला खजूर चाखायला फुकट. एका दुकानात तर दोनदा!

"मामा, त्यानं ओळखलं असतं तर?" सफियानं विचारलं.

"म्हणून तर टोपी काढली!"

आता वेळ नाताळच्या जेवणाची होती. चर्चच्या हॉलमध्ये कुटुंबामागे दुधाचा एक डबा दान दिला की कुणीही पोटभर जेवावं, अशी तिथली पद्धत. दुपारी दोनला ते डबे सुलैबियाच्या लेबर कॅम्पला जायचे.

"पण मामा, हा डबा शंकरकाकांचा आहे!" स्वरा म्हणाली.

शंकरकाका संगमेश्वरचे, इथे अम्गऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये सुतार. कुवेतहून गावी निघालेल्या माणसाच्या बॅगेत चार घरांची पुडकी असायचीच. काकांनी आपल्या लेकीसाठी, प्रभासाठी, हा डबा मामांकडे सोपवला होता.

"डबा तो डबा! रात्री नवा आणून बॅगेत टाकतो. प्रभाला काय कळतंय?"

मामा ऐटीत हॉलच्या पायऱ्या चढले. डबा वाजला, खड्! खड्!

"मामा, पावडर कधी खडखडते का?" स्वरानं विचारलं.

"गुठळी झाली असेल. चल, पुलाव निवेल!"

दारातल्या टेबलावर गोव्याच्या फिलोमिना आंटींनी हसून डबा घेतला आणि रंगमंचावरच्या ढिगात ठेवून दिला.

मामांनी दुसरा घास घेतला आणि फोन वाजला. हात तुपानं माखलेले, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"राजाभाऊ, एक सांगायचं ऱ्हायलं बघा," शंकरकाका म्हणाले. "तो डबा हातातल्या बॅगेत ठेवा. आत पावडरीत डबी हाय. प्रभाचं डोरलं नि झुबं. चार वर्षांचा ओव्हरटाइम हाय त्यात! खोलीत आम्ही आठ जण, म्हणून झाकण गोंदानं चिकटवलं. आधी बोललो असतो तर तुमची झोप उडाली असती. रविवारी लग्न. मला काय सुट्टी मिळाली नाय. तुम्ही नेताय, लई उपकार!"

मामांनी घास ताटात परत ठेवला. मामांनी अन्न टाकलेलं स्वरानं आजवर पाहिलं नव्हतं!

"मामा, यू आर फिनिश्ड!" अक्षय पुटपुटला.

"आंटींना सांगू या," सफिया म्हणाली.

"गप! सोन्याचं नाव काढलं की दोनशे हात मदतीला येतील. त्यातला एखादा डबी घेऊनच जाईल!"

मामा लबाड असले तरी हे बरोबर होतं. एकसारखे एकशे ऐंशी डबे आणि व्हॅन यायला जेमतेम अर्धा तास. रंगमंचावर आंटी हताश उभ्या होत्या. ढोलवाला आलाच नव्हता, आणि तीस मुलं गाण्यासाठी ताटकळली होती.

स्वराच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ती धावत गेली.

"आंटी, ढोल कशाला हवा? प्रत्येकाच्या हातात एक डबा द्या! खस् खस् खस्! मस्त ताल!"

"अगो बाय! काय डोकं चालवलंस!"

"आणि प्रत्येक कडव्याला डबा बदलायचा!" अक्षयनं घाईनं जोडलं.

"ते कशाला रे?"

"डबे कॅम्पला जाणार ना, आंटी? मग सगळ्यांना गाणं मिळायला नको?"

गाणं सहा कडव्यांचं, मुलं तीस. हिशेब चोख! सफिया हातवारे करून डबे बदलवत होती, अक्षय वाजवून झालेले डबे बाजूला रचत होता आणि स्वरा कान टवकारून ओळींमधून फिरत होती. खस् खस्! पाच कडवी झाली, नुसतंच खस् खस्! सहावं कडवं सुरू झालं. खस् खस्, खस् खस्, खड्!

दुसऱ्या रांगेतल्या चिमुरडीकडे! गाणं संपेपर्यंत स्वरा तिच्या शेजारून हलली नाही. मग डबा छातीशी धरून तिनं फिलोमिना आंटींच्या कानात सगळं खरं सांगितलं. दान दिलेली वस्तू गुपचूप उचलणं तिला पटत नव्हतं.

आंटींनी मामांकडे असं काही पाहिलं की मामा चष्मा पुसायला लागले.

"घेऊन जा गो पोरी. आमच्या कॅम्पातल्या माणसांच्या पण लेकी आसात," त्या म्हणाल्या. "आणि एवढं चांगलं गाणं मी कधी ऐकलं नाही. देव बरें करूं तुमचें!"

संध्याकाळी शंकरकाका स्वतः मिरकाबला, स्वराच्या घरी आले. सगळं ऐकून घेतलं. तिघांच्या डोक्यावर खरखरीत हात ठेवून एवढंच म्हणाले, "प्रभाच्या लग्नात तुमचं नाव घेऊन पहिली अक्षता पडंल."

राजाभाऊंनी नाक शिंकरलं, खूप वेळ.

दिवसाचा ताळेबंद असा: जेवणाचे पैसे चर्चनं भरले. दागिन्यांचे शंकरकाकांच्या चार वर्षांनी. आणि दोनच्या ठोक्याला सुलैबियाला निघालेल्या व्हॅनमध्ये एका डब्याच्या बदल्यात बारा डबे जास्तीचे चढले. कोपऱ्यावरच्या दुकानातून, पूर्ण किमतीला, तेहतीस दिनार रोख. ते भरले चिपळूणच्या राजाभाऊंनी.