एकोणतीस मिलिअँपिअर

हजेरीपटात माझ्या, म्हणजे इलक्कियाच्या, नावानंतर इनियन येतो, यात माझा काय दोष? पण कोइमतूरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगाच्या जोड्या हजेरीपटावरूनच लागतात. म्हणून हा मौनीबाबा माझ्या वाट्याला आला. कपाळावर येणारे केस, खिशाला शाईचा डाग, आणि दिवसाला मोजून चार शब्द. दिसायला बरा होता, पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटचा प्रयोग झेनर डायोडचा. गणित सोपं. दहा व्होल्टपैकी ५.६ झेनर धरून ठेवतो, उरलेले शंभर ओहमच्या रेझिस्टरवर. म्हणजे प्रवाह चव्वेचाळीस मिलिअँपिअर. मीटर म्हणे एकोणतीस! सोमवारपासून मी रेझिस्टर तीनदा बदलला, झेनर दोनदा. बाकी वर्ग सीनियरच्या वहीतून चव्वेचाळीस उतरवून मोकळा झाला. आम्हीही झालो असतो — पण या महाशयांनी दोघांच्याही वहीत एकोणतीस लिहून ठेवलं. पेनाने.

"मीटरने दाखवलं ते लिहिलं," म्हणाला.

आज गुरुवार. चारपर्यंत तिलकवती मॅडमची सही नाही, तर परीक्षेचं हॉल तिकीट नाही. खाडाखोड दिसली तर त्या अख्खी वही परत लिहायला लावतात. माझा जीव टांगणीला, आणि हा शांतपणे माझ्याकडे बघतोय... मी पाहिलं की नजर मीटरकडे.

वैतागून मी व्होल्टमीटर सरळ दहा व्होल्ट देणाऱ्या सोर्सच्याच टोकांना लावला. साडेआठ. झेनरची तार उपटली — दहा. परत जोडली — साडेआठ. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमच्या टेबलावरचा पॉवर सप्लाय बंद पडला होता म्हणून लॅबच्या मुरुगेसन अण्णांनी आम्हाला सिग्नल जनरेटर दिला होता. त्याच्या पोटातच पन्नास ओहमचा अडथळा, आणि मी आपली बाहेरचे शंभरच धरत बसलेली! उरलेले ४.४ व्होल्ट दीडशेने भागले. एकोणतीस आलं.

मॅडमसमोर मी एका दमात सगळं बोलले. बाहेरचा रेझिस्टर दहापट घेतला तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. हजारापुढे पन्नासची काय कथा, फरक जाणवणारच नाही, म्हटलं. दोन्ही वह्यांवर सही झाली.

जिन्यात मी उड्या मारायच्या बेतात, तर हा म्हणतो, "मला सोमवारीच कळलं होतं."

माझं टाळकंच सरकलं. तीन दिवस मी जेवणाची सुट्टी लॅबमध्ये घालवली, पोडी इडलीवर पाणी सोडलं, आणि याला माहीत होतं! मग तोंड का शिवलं होतं? सही अडली असती तर?

"अडू दिली नसती. मीच सांगणार होतो मॅडमना, तू आधी बोललीस." तो कठड्याशी बोलत होता. "सोमवारी सांगितलं असतं, तर तू वही मिटून गेली असतीस. रीडिंग चुकलं की तू माझ्याशी तासभर भांडतेस, इलक्किया... बरोबर आलं की एक शब्द नाही."

राग असा आला की वही डोक्यात घालावी. घातली, पण हळूच.

"उद्यापासून प्रयोग नाहीत," तो म्हणाला. "मग..."

"मग काय ते आत्ताच बोल. मी गप्प बसते."

आणि खरंच बसले. खाली कुणीतरी सायकल काढली, घंटा झाली, तरी याचं आपलं कठड्यावर बोट फिरवणं चालूच.

"आवडतेस तू मला."

तीनच शब्द. मेल्याने तिथेही एक वाचवला.