मागे ठेवलेली प्रॉथेरो

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण सुप्रभामावशी खोटं बोलत नाही. आणि हे तिच्या डोळ्यांदेखत घडलंय.

२००६ सालची गोष्ट. ऑक्टोबर संपत आला होता. जागा म्हणजे वेल्समधलं, रॅडनॉरच्या डोंगरातलं एक जुनं शेतघर. रात्रसुद्धा झाली नव्हती. तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे करतात, ती नुकतीच केलेली, म्हणून संध्याकाळी लवकर अंधारलं होतं, एवढंच.

मावशी कार्डिफला राहते. लोकांची घराणी शोधून देणं हे तिचं काम. ती या कामात का पडली, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिच्या आजोबांना गावात कुणी कधी नावानं हाक मारली नाही. जातीनंच मारली. "नाव पुसलं की माणूस पुसला," असं ती म्हणते. म्हणताना तिचा आवाज चढतो.

त्या दिवशी तिच्याबरोबर दोन अमेरिकन पाहुणे होते. पेन्सिल्व्हेनियाचे म्हातारे वेन प्रॉथेरो आणि त्यांची मुलगी हेलन. त्यांचा मूळपुरुष इव्हन प्रॉथेरो तीनशे वर्षांपूर्वी बायको आणि मुलगे घेऊन बोटीनं अमेरिकेला गेला होता. तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं. तो ज्या घरातून निघाला, ते घर मावशीनं शोधून काढलं होतं.

म्हातारा खूश होता. स्वयंपाकघरातल्या दगडी भिंतींवरून हात फिरवत होता.

घराची मालकीण, मिसेस पॉवेल, चहा ओतता ओतता सहज बोलून गेली.

"इव्हनची मुलगी मात्र इथंच राहिली."

"कुठली मुलगी?" वेननी विचारलं.

"पायानं अधू होती. एवढा लांबचा प्रवास झेपायचा नाही म्हणून तिला ठेवून गेले. पहाटे, ती झोपेत असताना. माझी आजी सांगायची."

म्हाताऱ्यानं कप खाली आदळला.

"खोटं आहे! प्रॉथेरो कुणाला मागे टाकून जात नाहीत."

मिसेस पॉवेल उठली. शाल गुंडाळून मेंढ्या बघायला बाहेर गेली.

आणि मग...

अंगणात इतका वेळ भुंकणारा कुत्रा गप्प झाला.

वारा थांबला. चुलीत लाकडं जळत होती, ज्वाळा हलत होत्या... पण त्यांचा आवाज येत नव्हता. कानात बोळे घातल्यासारखं झालं होतं.

"सुप्रभा, तुलाही...?" हेलन कुजबुजली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर पाऊल वाजलं.

ठक्...

मग काहीतरी फरफटत आलं.

सर्रर्र...

ठक्... सर्रर्र...

एक पाय टेकत होता. दुसरा ओढला जात होता.

"वर कोण राहतं?" वेननी विचारलं. त्यांचा आवाज फाटला होता.

वर कुणीच राहत नव्हतं. मिसेस पॉवेलनं आल्या आल्याच सांगितलं होतं की वरचा मजला तिनं कधीच बंद करून टाकलाय.

हेलन दाराकडे धावली. दाराला साधी लाकडी खिट्टी होती. पोरानंही उचलावी अशी. ती उचलेना. मावशीनं जोर लावला, तरी हलेना. तिकडून कुणीतरी दाबून धरल्यासारखी.

पावलं जिना उतरली.

जिना रिकामा होता. तिघंही बघत होते. पण आवाज पायरी पायरीनं खाली आला. जमिनीवर आला. टेबलाला वळसा घालून गेला...

आणि म्हाताऱ्याच्या खुर्चीमागे थांबला.

वेन ताठ झाले. त्यांच्या कोटाची कॉलर मागून हळूच ओढली गेली. लहान मूल बापाला थांबवायला ओढतं, तशी.

"मिस्टर प्रॉथेरो, मान्य करा," मावशी म्हणाली. "ती होती, एवढं म्हणा."

"नाही," म्हातारा दात आवळून म्हणाला. "आमच्यात मुलगी नव्हतीच."

कॉलर आणखी ताणली गेली. त्यांचा श्वास घुसमटायला लागला. हेलन रडायला लागली.

मावशी सांगते, भीती तर होतीच. पण त्याहून जास्त संताप आला. मेलेल्या मुलीचा नाही. या म्हाताऱ्याचा, त्या इव्हनचा, नावं गाळणाऱ्या सगळ्यांचा.

ती त्या रिकाम्या जागेसमोर जाऊन उभी राहिली. इंग्रजी सुचेना. मराठीतच तोंड उघडलं.

"ए पोरी! सोड त्यांना. मारून काय मिळणार तुला? तू यांचीच आहेस ना? मग या थंडगार घरात किती वर्षं वाट बघणार? यांच्या घरात तुझाही वाटा आहे. जा, बस जाऊन तिथं. बघू कोण उठवतंय तुला!"

कुणीच हललं नाही.

मग कॉलर सैल पडली.

चुलीतलं लाकूड तडतडलं. बाहेर कुत्रा विव्हळला. आणि दाराची खिट्टी... आपोआप वर उचलली गेली.

तिघंही पळतच गाडीत बसले. वेन पुढे, हेलन मागे. मावशीनं गाडी अशी हाणली की बस्स. बऱ्याच अंतरावर गेल्यावर तिनं आरशात पाहिलं. हेलन दाराला अगदी चिकटून बसली होती. बाकीची सीट रिकामी.

"अगं, नीट सरकून बस की."

"नाही सरकता येत," हेलन म्हणाली.

मावशीनं पुन्हा आरशात पाहिलं नाही.

पुढे वंशावळ तयार झाली. त्यात इव्हनच्या मुलग्यांबरोबर मावशीनं लिहिलं, 'मुलगी. नाव माहीत नाही.' वेनचा फोन आला. ती ओळ काढा म्हणाले.

"नाही काढणार," मावशी म्हणाली. "हवं तर माझं सगळं काम फाडून टाका. पण माझ्या हातून कुणी गाळलं जाणार नाही."

फोन आपटला गेला.

नोव्हेंबरच्या शेवटी हेलनचा फोन आला. आवाज दबका होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला सगळं घर जमलं होतं. टेबलावर एक प्लेट जास्त मांडलेली निघाली. कुणी मांडली, ते कुणालाच माहीत नाही. उचलून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

"आणि डॅड?" मावशीनं विचारलं.

"ते काही बोलत नाहीत. रोज जेवायच्या आधी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची मागे ओढतात." मग हेलननं विचारलं, "सुप्रभा, तिला घालवायचं कसं?"

"घालवायचं नाही," मावशी म्हणाली. "वाढायचं तिला. तुमचीच आहे ती."



मग हेलन म्हणाली, "रविवारपासून दोन प्लेटा जास्त असतात."

मावशीचा हात फोनवर घट्ट झाला. तरी ती बोलली.

"दोघांनाही वाढा."

आजही विचारलं तर मावशी ठणकावून सांगते, पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा तेच बोलेन.

पण दुसरी प्लेट कुणाची, आणखी कुणाचं नाव गाळलं गेलं होतं, असं विचारलं की ती उठते... आणि खिडकी लावून घेते.