स्वच्छतागृहातलं सिमेंट

सकाळीच दक्षताबाईंना फोन आला. शाळेच्या नव्या स्वच्छतागृहात कुणीतरी सिमेंट ओतलं होतं, आणि दुपारी नव्या शिक्षणप्रमुख नेमकं तेच बघायला येणार होत्या.

दक्षताबाई पोलिसातून निवृत्त होऊन शहराच्या शिक्षण खात्यात तपासाचं काम बघत होत्या. चोर त्यांनी जन्मभर पाहिले, पण शिसारी आली ती इथे. डबघाईला आलेल्या शाळा सुधारायचा विडा नव्या प्रमुखांनी उचलला होता. प्रत्येक शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह, हा त्यांचा पहिला हुकूम.

हेडमास्तर फाटकातच उभे होते.

"चोर सापडलाय, मॅडम. दहावीतली पोरगी. काल कुलूप तोडताना शिपायानं पाहिली. नाव काढून टाकतोय तिचं."

"परीक्षा तोंडावर आली असताना?"

"असल्या पोरींना कसली आलीय परीक्षा?"

स्वच्छतागृहातली तिन्ही भांडी सिमेंटनं काठोकाठ भरलेली होती. वरून थापी फिरवून ते गुळगुळीत केलेलं. बाईंनी नाकाला लावलेला पदर खाली घेतला. वास येतच नव्हता. नळ फिरवला, तर थेंब नाही.

"पाणी?"

"टाकी धुवायला काढलीय."

"वापर कधीपासून आहे?"

"सहा महिने झाले की. मुली अगदी खूश आहेत."

बाई मागच्या बाजूला गेल्या. भिंतीला लागून हेडमास्तरांचे गुलाब होते, जुने आणि चांगले पोसलेले. त्या बराच वेळ तिथे रेंगाळल्या.

मुलगी आईबरोबर बाकावर बसली होती. आई आधीच माफी मागत होती.

"कुलूप तू तोडलंस?"

"हो."

"का?"

"जायचं होतं."

"रोज कुठे जातेस?"

"घरी गेल्यावर. काल जादा तास होता, राहवेना. आत गेले तर नळ कोरडा. तशीच परत आले."

"तेव्हा सिमेंट होतं?"

"नव्हतं, बाई."

"पोतं काय दप्तरात घालून आणलं असेल हिनं?" आई पुटपुटली.

बाईंनी गवंडी बोलावला.

दुपारी हेडमास्तरांच्या खोलीत शिक्षणप्रमुखांसमोर त्यांनी सरळच सांगितलं, "सिमेंट हेडमास्तरांनी ओतलं."

"पुरावा काय?" हेडमास्तर उसळले.

"सहा महिने वापरलेल्या संडासाला वास नाही. मागे मैल्याचं चेंबर हवं, तिथे तुमचे गुलाब फुललेत. आता गवंड्यानं एक भांडं फोडलं. खाली पाइपच नाही, नुसता मुरूम. तुम्ही फोटोपुरतं स्वच्छतागृह बांधलंत आणि कुलूप घातलंत. आज प्रमुख स्वतः फ्लश ओढून बघणार म्हटल्यावर तुमची पाचावर धारण बसली. तेवढ्यात या पोरीनं कुलूप तोडलं आणि आयता चोर मिळाला. सिमेंट ओतलं की फ्लश ओढायचा प्रश्नच मिटला."

हेडमास्तरांनी घाम पुसला. शरम मात्र दिसली नाही.

"खात्यानं फोटोच मागितला होता, मॅडम. पाइप कुणी मागितला? इतर शाळांतही बघा जाऊन."

शिक्षणप्रमुखांचा चेहरा उतरला. तेच फोटो त्यांनी सभेत दाखवून टाळ्या घेतल्या होत्या.

"हे इतक्यात बाहेर जायला नको," त्या हळूच म्हणाल्या.

दक्षताबाईंना त्या दोघांचीही सारखीच किळस आली.

"अहवाल गेलाय," त्या म्हणाल्या. "मुलीचं काय ते सांगा."

"नाव राहील तिचं," शिक्षणप्रमुख म्हणाल्या.

बाईंनी मायलेकींना आत बोलावून तसं सांगितलं. आईनं डोळ्यांना पदर लावला. मुलीनं विचारलं, "मग उद्यापासून जायचं कुठे? आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही, बाई."

मग दक्षताबाईंनी हेडमास्तरांपुढे हात केला.

"तुमच्या खासगी संडासाची किल्ली."

हेडमास्तरांनी प्रमुखांकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. नाइलाजानं हेडमास्तरांनी खिशात हात घातला.

मुलीनं किल्ली घेतली. पण ती तिकडे गेली नाही. आधी वर्गातल्या मैत्रिणींना बोलवायला गेली.