सावलीची सहा पानं

“चार वाजता पानं छापखान्यात पोचली नाहीत, तर पुस्तक गेलंच म्हणून समजा,” प्रकाशक म्हणाले. “आणि चोर याच खोलीत बसलाय.”

त्यांच्यासमोर तिघं बसली होती. म्हातारे चित्रकार, त्यांची धाकटी बहीण चिमी आणि तरुण लेखक. लेखकाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. त्यांचे दीर, भाऊजी, कायम त्यांच्याबरोबर असत आणि त्यांचीच हाक सगळ्यांच्या तोंडी बसली होती.

“पुस्तक कसलं?” वहिनींनी विचारलं.

प्रकाशकांनी टेबलावर सव्वीस वर्षांपूर्वीचा एक पिवळा पडलेला चित्रकथेचा अंक ठेवला. शेजारी नव्या पुस्तकाची नव्वद पानं. जुन्या अंकात ‘सप्तक’ नावाचे सात महावीर होते. धरण फुटतं, सहा जण निसटतात आणि सातवी, सावली, पाण्याखाली राहते. तेव्हा वाचकांनी रडून पत्रं पाठवली होती. नव्या पुस्तकात सावली परत येणार होती. नेमकी तीच शेवटची सहा पानं गायब होती आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

“माझ्या खणातून गेली,” चित्रकार घाम पुसत म्हणाले. “काल संध्याकाळी निघताना ठेवली. शाई ओलीच होती. कुलूप लावलं, किल्ली खिशात. सकाळी बघतो तर खण रिकामा.”

“कोण कुठे बसतं, तेवढं काढून दाखवा बरं.”

चित्रकारांनी उजव्या हातानं खोलीचा नकाशा काढला. कपाटाच्या चौकोनात त्यांनी सवयीनं तिरक्या रेघा भरल्या, उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्या.

भाऊजींनी खण ओढून पाहिला. “वहिनी, कुलूप शाबूत आहे. खण एवढासाच, जेमतेम एका पानाएवढा लांबरुंद.”

“काल सगळ्यात शेवटी हा निघाला,” प्रकाशकांनी लेखकाकडे बोट दाखवलं. “शेवटावरून माझ्याशी कडाकडा भांडलाही होता.”

“भांडलो, हो!” लेखकाचा आवाज फाटला. “यांना सावली सगळ्यांना माफ करून हसताना हवी होती. मला तिनं विचारायला हवं होतं, ‘तुम्हा सहांपैकी एकानंही मला हाक का मारली नाही?’ शेवटी माझंच वाक्य राहिलं. मग मी कशाला चोरू? ती चित्रं मी पाहिलीसुद्धा नाहीत. ‘सावली दारात उभी आहे’, एवढंच लिहून दिलं होतं मी.” तो घुटमळला. “पोलीस घरी आले तर माझी आई हाय खाईल हो.”

प्रकाशकांनी फोन जवळ ओढला. घड्याळात एक वाजून गेला होता.

चिमी चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांतली अक्षरं हातानं लिहायची. तिच्या डाव्या तळहाताची कड शाईनं काळी झाली होती.

“तुम्ही पाहिलीत ती पानं?” वहिनींनी तिला विचारलं.

“नाही. अक्षरं घालायला माझ्याकडे यायची होती, त्याआधीच...” तिनं लेखकाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. “या पोराला सोडा हो. वेणी कापून दारात उभी असलेली सावली लोकांनी बघायलाच हवी, असं मलाही वाटतं. पण यानं काही केलेलं नाही.”

वहिनी जुना अंक आणि नवी पानं शेजारी ठेवून भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या.

“भाऊजी, या छटेच्या रेघा बघा.”

“दोन्हीकडे सारख्याच आहेत. डावीकडून उजवीकडे उतरतात. हात तोच आहे, वहिनी. त्यात काय एवढं?”

“हात तोच आहे, हेच तर म्हणतेय मी.”

प्रकाशक नंबर फिरवू लागले होते.

“फोन ठेवा,” वहिनी म्हणाल्या. “चोरी झालेलीच नाही.”

लेखक उठून उभा राहिला.

“खण एका पानाएवढा. त्यात सहा पानं ठेवायची तर एकावर एकच रचावी लागतील. ओली शाई पसरून सगळ्यांचा चिखल होईल. नवखासुद्धा असं करणार नाही आणि हे तर मुरलेले चित्रकार. म्हणजे पानं त्या खणात गेलीच नाहीत.”

“मग हे खोटं कशाला बोलतील?” भाऊजींनी विचारलं.

“पानं कुठे काढली, ते सांगायची सोय नव्हती म्हणून. उजव्या हाताची रेघ सहसा उजवीकडून डावीकडे उतरते. नकाशातली तशीच आहे. अंकात आणि पुस्तकात मात्र बरोबर उलटी. ती चित्रं डावखुऱ्या हाताची आहेत, आणि इथे शाई एकाच डाव्या हाताला लागलीय. आणि ज्या बाईंनी पानं पाहिलीच नाहीत, लेखकानंही जे लिहिलं नाही, ते वेणी कापल्याचं त्यांना कसं कळलं?”

चित्रकारांनी चष्मा काढला.

“पहिल्या अंकापासून तीच काढते. मी लोकांना भेटायचो, सह्या द्यायचो. तेव्हा म्हणायचे, बाईनं काढलेले महावीर कोण वाचणार? नंतर खरं सांगायला तोंडच उरलं नाही. काल ती म्हणाली, ही सहा पानं देणार नाही. तिचं मन वळेपर्यंत वेळ मिळावा म्हणून मी थाप मारली. हा पोर अडकेल, असं ध्यानीमनीही नव्हतं.”

“घरी कपाटावर आहेत,” चिमी म्हणाली. “इतकी वर्षं काही वाटलं नाही. पण ते हाक न मारल्याचं वाक्य लिहायला घेतलं आणि हात थांबला. ते दादाच्या नावाखाली कसं लिहू?” ती लेखकाकडे वळली. “सकाळपासून बोलायचा धीर करत होते. चुकलंच माझं.”

लेखकानं ग्लासभर पाणी एका दमात संपवलं आणि मग नुसती मान डोलावली.

“घर किती लांब?” वहिनींनी विचारलं.

“वीस मिनिटं.”

“भाऊजी, गाडी काढा.”

प्रकाशकांनी मुखपृष्ठाचा नमुना पुढ्यात ओढला. दुसरं नाव घालायला पेन टेकवलं आणि ते तसेच थांबले. कानशिलं लाल झाली.

“तुमचं... खरं नाव काय हो?”

चिमीनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं. भावाच्या नावाच्या वर थोडी जागा होती. तिथे तिनं आपलं खरं नाव सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं.