भिंतीमागचं कोर्ट

खडकीचं जुनं कोर्ट वारसा यादीत गेल्याचं कळलं, आणि सुनीतीने त्याच आठवड्यात आतली भिंत फोडायला घेतली. वास्तुतज्ज्ञ म्हणून कित्येक वर्षं ती या वालुकाश्माच्या इमारतीमागे लागली होती. कोर्ट बंद पडल्यावर इथे गोदाम झालं, मधल्या दालनासमोर विटांची भिंत उभी राहिली. तिच्यामागे मूळ न्यायदालन शाबूत असणार, अशी सुनीतीची खात्री होती.

भैरू गवंड्याने भगदाड पाडलं आणि ती बॅटरी घेऊन आत घुसलीच.

"भैरू, सगळं आहे रे! बाकं, आरोपीचा पिंजरा, न्यायाधीशांची खुर्चीसुद्धा!"

आनंदाने तिचा आवाज चिरकला. धूळ अजिबात नाही, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. ओल्या वाळ्याचा वास येत होता. पिवळट दगड हाताला कोमट लागला.

मकसूदभाई तरुणपणी इथे पट्टेवाले होते, पुकारा करायचे. तिने त्यांना मुद्दाम आणलं होतं. ते भगदाडापाशीच थांबले.

"या ना, भाई. तुमचंच कोर्ट!"

"नको, बाई. शेवटच्या दिवशी साहेब मधूनच उठून गेले. खटला तसाच राहिला."

"अहो, जमाना झाला त्याला!"

"आपल्याला झाला."

ती हसली आणि वळली. भैरू आणि त्याची माणसं बाकांवर बसली होती. ताठ. टोप्या मांडीवर.

"अरे, बसलात काय?"

कुणी पाहिलं नाही. मग सगळे एकदम उभे राहिले.

पुढे खुर्ची करकरली.

सुनीतीने मान लववली. का, ते तिला कळलं नाही. निकालाच्या दिवशी व्हावी तशी छातीत धडधड होत होती. हात लाकडी कठड्यावर होते. ती पिंजऱ्यात उभी होती.

बाहेरून मकसूदभाई हलकेच म्हणाले, "बाई, कबूल म्हणू नका."

काय कबूल, हे विचारायला तिने तोंड उघडलं.

"कबूल," ती म्हणाली.

बाकांवरून एक सुस्कारा गेला.

दुपारी अंगणात चहा झाला. माणसं नेहमीसारखी थट्टामस्करी करत होती. कोंदट हवेने भोवळ आली असणार, असं सुनीतीने ठरवून टाकलं. पुन्हा उत्साह आला. फोटो, पाहुणे, उद्घाटन, ती भराभरा बोलत सुटली.

"आणि भैरू, सोमवारी लवकर या. दारं पुसायला घेऊ."

भैरूने कप खाली ठेवला.

"आमी येतो की," तो अवघडून म्हणाला. "पर बाई, सोमवारी तर तुमची तारीख हाय."